सुट्टीचा सवाल

मी लिहिलेला पहिला प्रोग्राम कुंकवाने गेला, आणि ते कुंकू नेमकं कुठे लावायचं हे बोट दाखवून मीच सांगितलं होतं. दोन माणसं सोडली तर बरीच वर्षं ही गोष्ट मी कोणाला कळू दिली नाही. आता सांगते, कारण आता आठवली की एकटीच हसत बसते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपूरला हिंगणा रोडवर एका छोट्या कारखान्यात मी टायपिस्ट होते. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, आठ-दहा माणसं आणि मोटरींचा ढीग. मालकांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो. साहेबांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि बिलं टाइप करायला माझ्या टेबलावर ठेवला. त्यांच्या लेखी तो महागातला टाइपरायटर होता. मी मात्र धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये तीन महिने बेसिक शिकून आले होते. बिलं टाइप करताना माझे हात नुसते शिवशिवायचे. साहेब जेवायला गेले की मी बिल बंद करून प्रोग्राम लिहीत बसायची, आणि त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की पुन्हा बिल.

त्याच वेळी साहेबांनी एका कापड गिरणीला ड्राइव्ह विकला. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी विजेची पेटी. परदेशातून आलेली, घरच्या टीव्हीएवढी, पुढे चार बटणं. गिरणीतले लोक तिला नुसतं डबा म्हणत. या डब्याला आधी ऐंशी आकडे सांगावे लागत: मोटर केवढी, वेग किती वेळात चढवायचा, किती वेळात उतरवायचा. एकेक आकडा बटण दाबून दाबून भरायचा. एखादा चुकला तर डबा लाल दिवा लावून रुसून बसे. सोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ते साहेब घरी नेत आणि वाचता वाचता झोपी जात.

हा डबा ज्या मशीनला लावायचा ती सूत कातायची रिंग फ्रेम होती. चारशे चात्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या दांड्या, आणि चारशे धागे. साधी मोटर सुरू केली की मशीन हिसका देई आणि पन्नास-साठ धागे तटातट तुटत. मग ते एकेक सांधत बसा. डबा लावला की मशीन हळू उठेल आणि धागा तुटणार नाही, असं साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांनी दोनदा अंदाजाने आकडे भरून मशीन सुरू करून पाहिली. दोन्ही वेळा पहिल्यापेक्षा जास्त धागे तुटले. गिरणीचा मॅनेजर म्हणाला, तिसऱ्यांदा तुटले तर डबा परत न्या.

तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, साहेब, मी असा प्रोग्राम लिहिते की तो आपल्याला मशीनबद्दल वीस प्रश्न विचारेल आणि ऐंशी आकडे स्वतः काढून छापून देईल. आपण फक्त बटणं दाबायची.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "अरे बाप्पा, तू हे करून राहिली होती काय माझ्या मागं?"

पण माणूस खुल्या दिलाचा. त्यांनी सौदा केला. प्रोग्रामने मशीन नीट उठली तर पुढे गिरण्यांत, कारखान्यांत आकडे भरायला मी जायचं, बिलांना दुसरी मुलगी ठेवू. नाही उठली तर कॉम्प्युटरवर बिलांशिवाय दुसरं काही दिसता कामा नये. मला रात्रभर झोप लागली नाही, इतका आनंद झाला. मी जिंकणारच असं मी धरूनच चालले होते.

प्रश्नांची उत्तरं मशीनला तर विचारता येत नव्हती. ती ज्याला ठाऊक होती त्याला विचारायची होती, आणि तो माणूस म्हणजे त्या खात्याचा जॉबर. जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम. त्यांना सगळे काकाजी म्हणत; पंचेचाळीस-पन्नासचे, उंच, कानावर कायम पेन्सिल खोचलेली. पंचवीस वर्षं त्या मशीनशी संसार केलेला माणूस. मशीनचा आवाज ऐकून कुठली चाती कुरकुरते ते सांगत. पाळी सुटली की ते सायकलने आमच्या शेडवर येत आणि माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसत. आमच्या कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती, म्हणून भाषा आपली आणि अक्षरं इंग्रजी असा कारभार होता. काकाजींना ती अक्षरं लागत नसत. मी प्रश्न मोठ्याने वाचायची, ते उत्तर द्यायचे, मी टाइप करायची. प्रोग्राम कुठेतरी अडखळायचा. मी दुरुस्त करायची आणि पुन्हा पहिल्यापासून, मोटर किती घोड्यांची?

"काल बी वीस घोड्याचीच होती वं बाई," काकाजी म्हणायचे. "किती डाव इचारशीन?"

हे दीड-दोन महिने चाललं. मी प्रश्न बदलत होते, क्रम बदलत होते, आणि काकाजी मध्ये मध्ये आपले प्रश्न घुसवत होते. एक तर त्यांनी हट्टाने घालायला लावला. मशीन काल बंद होती का, सुट्टी होती का, हे विचारच म्हणाले. मला तो प्रश्न अगदी अडाणी वाटला. मोटरचे घोडे, धाग्याची जाडी, वेग, यांत सुट्टीचं काय काम? पण म्हटलं, वयाने मोठे आहेत, मन मोडू नये. घातला आणि विसरून गेले.

कॉम्प्युटर बंद केला की त्याच्या पोटात काही उरत नसे, म्हणून प्रोग्राम पूर्ण झाला तेव्हा मी दोन फ्लॉप्यांवर त्याच्या दोन प्रती घेतल्या. प्रोग्रामच्या ओळींची यादी कागदावर छापणार होते, पण रिबन महाग म्हणून साहेबांनी छापू दिली नाही. आणि ज्या वहीत काकाजींची सगळी उत्तरं होती, ती वही मी रद्दीवाल्याला दिली. सगळ्यांसमोर दिली. "आता वही कशाला? आता हे लक्षात ठेवतंय," असं म्हणून कॉम्प्युटरच्या डोक्यावर थापही मारली. गर्वाचं घर खाली म्हणतात. मी त्या घराला रंगरंगोटी करून झेंडूचं तोरणही लावलं होतं.

तोरण खरंच होतं, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा. शेडमध्ये लेथला हार, ड्रिलला हार, पाटावर पकडी, पाने, स्क्रू ड्रायव्हर ओळीने मांडलेले. मी दोन्ही फ्लॉप्या पाकिटातून काढून पाटावर ठेवल्या, त्या पकडींच्या पुढे. माझंही हत्यार मांडलेलं सगळ्यांनी पाहावं अशी इच्छा होती.

साहेब सोवळं नेसून एकेका वस्तूला हळद-कुंकू लावत आले. कुंकू तेलात कालवलेलं. फ्लॉपीपाशी थांबले.

"हिले कुठं लावू बेटा? प्रोग्राम कोणत्या जागी हाय?"

ज्यांनी त्या जुन्या फ्लॉप्या पाहिल्या नसतील त्यांना सांगते. काळी चौकोनी पातळ वस्तू, आणि तिला एका बाजूला लांबट खिडकी. त्या खिडकीतून आतली तबकडी दिसते. तिला बोट लावायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हे क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आणि मी, फुशारकीने फुगलेली, बोट पुढे करून म्हणाले, "ती खिडकी दिसते ना, तिथे. सगळा तिथेच असतो."

साहेबांनी श्रद्धेने त्या खिडकीत हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. त्याच दमात दुसऱ्या फ्लॉपीलाही. आणि मी हात जोडले. ते मला अजून सहन होत नाही. मी डोळे मिटून हात जोडले, आणि आरतीचं दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा मला क्लासमधला तो पहिला दिवस आठवला.

आरती संपेपर्यंत मी टाळ्या वाजवत उभी होते. मग कापसाने पुसलं. पुसल्याने कुंकू पसरलं. फ्लॉपी आत घातली तर कॉम्प्युटर करकरला आणि वाचता येत नाही म्हणाला. दुसरी घातली, तर पुन्हा तेच म्हणाला. मी मोटरींच्या ढिगामागे जाऊन मनसोक्त रडले. साहेब शेजारी येऊन उभे राहिले, कपाळावरचं गंध पुसत. त्यांना वाटत होतं चूक त्यांची. मी सांगितलं नाही की चूक माझी, तेवढा प्रामाणिकपणा तेव्हा अंगात नव्हता. त्यांनी कपाट उघडून कोऱ्या फ्लॉप्यांचा अख्खा डबा माझ्या मांडीवर ठेवला. तो डबा ते तिजोरीसारखा जपत, म्हणून मला आणखीच रडू आलं.

मशीन चालवून दाखवायची होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे मला मिळाला एक दिवस. हिशेबाची सूत्रं माझ्या डोक्यात होती, ती पुन्हा लिहिता आली असती. पण वीस प्रश्न कोणते, कोणत्या क्रमाने, कोणतं उत्तर आलं की आकडा किती हलवायचा, यातलं अर्धंअधिक मला आठवेना. लक्षात ठेवायचं काम मी कॉम्प्युटरला दिलं होतं ना.

काकाजी दसऱ्याला कुठे असतील हे ठाऊक होतं. त्यांच्या घराने छप्पन साली दीक्षा घेतली होती, तेव्हा ते पोरसवदा होते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात, त्यांना जेवू घालायला त्यांच्या वस्तीचा मांडव दरवर्षी रस्त्यावर लागायचा. सकाळी मोपेड काढली. अर्ध्या वाटेत ती ठेवून द्यावी लागली, कारण पुढे रस्ता उरलाच नव्हता, पांढऱ्या कपड्यांतली माणसंच माणसं. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, हातात निळे झेंडे. मी त्यांच्यातून वाट काढत चालले होते आणि इतक्या आनंदी गर्दीत आपण एकटीच रडवेल्या तोंडाने चाललोय याची मला लाज वाटू लागली.

मांडवात काकाजी बटाट्याच्या भाजीच्या पातेल्याशी उभे होते. शेजारी त्यांची बायको, म्हणजे काकू, पांढऱ्या लुगड्यात, कढईत पुऱ्या सोडत होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी एका श्वासात सगळं सांगितलं. कुंकू, खिडकी, वही, उद्याची सकाळ. बोट मीच दाखवलं हेसुद्धा त्यांना सांगून टाकलं, कसं कोण जाणे.

काकाजींनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातात पळी दिली. "पयले वाढू लाग. लोक भुके हायेत. हात चालला का डोकं बी चालते."

मी भाजी वाढायला लागले. दहा-बारा पानं झाली असतील, तोच काकाजी आवाज बदलून, नाकातून, माझीच नक्कल करत म्हणाले, "मोटर किती घोड्यांची?"

आणि कढईपाशी काकू पुरी उलटता उलटता म्हणाल्या, "वीस घोड्याची."

मी पळी धरून बघत राहिले.

"पूर्ण वेगाले जायाले किती सेकंद?"

"चाळीस."

"सूत जाड का बारीक?"

"बारीक."

"कोनत्या वेगाले थरथरते?"

"तेहतीसवर," काकू म्हणाल्या. "तिथं थांबू नये. भरकन निंगून जावं."

मांडवातली माणसं हसायला लागली. काकू पदराने घाम पुसत मला म्हणाल्या, "दोन म्हयने झाले बाई. घरी आले का हे कंपुटर होतेत अन् मी मशीन. चहा पाहिजे तरी पयले इचारतेत, मोटर किती घोड्यांची."

काय सांगू मला काय झालं. मी खिशातली डायरी काढली, पण हाताला भाजी लागलेली. एका पोरीकडे पळी दिली, हात धुतले आणि लिहायला लागले. काकाजी विचारत होते, काकू उत्तर देत होत्या, रांग पुढे सरकत होती. एक म्हातारा पुऱ्या घेऊन जाता जाता परत वळला, शेवटपर्यंत ऐकायला. सुरू होताना जोर किती द्यावा? थोडाच, नाहीतर चिडते. थांबायला किती वेळ? पंचवीस, एकदम हात धरला तर आवडत नाही. मी लिहीत होते आणि हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कढईच्या धुरामुळे असं मी सांगितलं.

एकोणीस प्रश्न झाले. मी डायरी मिटली. "झालं काकाजी, वाचवलंत मला."

काकूंनी झारा खाली ठेवला. "अन् सुट्टीचा सवाल?"

"कोणता?"

"मशीन काल बंद होती का," काकू म्हणाल्या. "तोच तर खरा. बंद होती म्हटलं का चाळीसचे साठ करा लागते. तेल घट्ट होते, पट्टे आखडून बसतेत. हे मले रोज सांगतेत."

काकाजींनी भाजी ढवळत एवढंच म्हटलं, "तुह्या सायबानं दोन्ही डाव सोमवारी सकाळी चालू केली. रयवारी गिरनी बंद होती. मी सांगून राहिलो होतो, पन मले कोन इचारते?"

मी मिटलेली डायरी पुन्हा उघडली. दोन्ही वेळा धागे का तुटले ते या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि उद्याही मशीन खंडेनवमी-दसऱ्याचे दोन दिवस बंद राहून उठणार होती. हा प्रश्न मी अडाणी म्हणून शेवटी टाकला होता आणि सगळ्यांत आधी विसरले होते. मी लिहून घेतलं, खाली दोनदा रेघ मारली. मग पोट भरून पुरी-भाजी खाल्ली, कारण काकू सोडतच नव्हत्या.

दुपारी साहेबांनी शेड उघडून दिली. मी टाइप करत होते, ते डायरीतून वाचून दाखवत होते. दिवस मावळायच्या आत प्रोग्राम उभा राहिला. मी चार प्रती घेतल्या आणि साहेबांना म्हटलं, आधी यादी छापायची. त्यांनी मुकाट्याने नवी रिबन काढून दिली. मग दसऱ्याचं सोनं म्हणून आपट्याचं पान फ्लॉपीवर ठेवायला हात पुढे केला.

"साहेब, कशालाही हात लावू नका," मी म्हटलं. मालकाशी असं मी पहिल्यांदाच बोलले. त्यांनी ते पान माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर गादीत गुंडाळून रिक्षाने गिरणीत नेला. खात्यात टेबल मांडलं. काकाजी होतेच, आणि सोबत काकू होत्या, तेच पांढरं लुगडं परीटघडीचं करून. मीच निरोप धाडला होता की या. मॅनेजरला त्या आमच्या कंपनीच्या कोणी वाटल्या. त्याने त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. मी काही दुरुस्ती केली नाही.

प्रोग्राम विचारत गेला, काकाजी उत्तर देत गेले. शेवटचा प्रश्न मी वाचला तेव्हा मॅनेजर हसला. "छुट्टी? कॉम्प्युटर को छुट्टी से क्या लेना-देना?"

"लेना-देना है साहब," काकू खुर्चीवरून म्हणाल्या. मॅनेजरने लगेच मान डोलावली.

प्रिंटरने खरखरत ऐंशी आकडे छापले. मी एकेक बटण दाबून भरले. काकाजी मशीनच्या एका टोकाला जाऊन उभे राहिले, साहेबांनी डोळे मिटले, आणि मी हिरवं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग चारशे चात्या एकदम, पण इतक्या सावकाश फिरायला लागल्या की फिरताहेत की नाही ते धाग्याकडे पाहून ठरवावं. वेग चढत गेला. डब्यावर तेहतीस आकडा आला तशी मशीन भरकन पुढे निघून गेली. साठ सेकंद मी मोजले, आणि खात्यात नेहमीचा एकसुरी घों घों भरून राहिला. काकाजी दोन्ही बाजूंनी चालत गेले, वाकून पाहत. परत येऊन त्यांनी बोटं वर केली. तीन. चारशेत तीन धागे.

साहेबांनी डोळे उघडले आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, "बिलाले दुसरी पोरगी पाहा लागन आता." मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. एक मारलीही.

मॅनेजरने विचारलं, प्रोग्राम किसने बनाया? साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी काकाजींकडे केलं. काकाजींनी कानावरची पेन्सिल काढून काकूंकडे केली. पण काकूंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या खुर्चीवरून उठून मशीनपाशी गेल्या होत्या. तिथे त्या चारशे धाग्यांसमोर उभ्या होत्या, हात मागे बांधून, लहान मुलाला सांगितलेलं असतं तशा, हात लावायचा नाही म्हणून. दोन महिने त्या घरी रोज मशीन झाल्या होत्या आणि मशीन त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती. हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मी जवळ गेले. आवाजात ऐकू यावं म्हणून त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"मंजे मी अशी हाव," त्या म्हणाल्या. मग खूप वेळ पाहत राहिल्या, आणि पाळीचा भोंगा होईपर्यंत त्यांना तिथून हलवायचं कोणाच्या मनात आलं नाही.